यजमान

ए-फोरचे चार तुकडे.
मागे जुन्या शिफ्टचे आकडे, पंप तीनचा दाब,
खाऱ्या पाण्याचं तापमान.
पुढे माझं अक्षर:
बताक्याचं नूतनीकरण. गॅसवाला.
विशाखाला पैसे, एकवीस तारखेच्या आत.
उजवी दाढ.

अकरा वर्षं सोहारमध्ये अशीच काढली.
रात्री उरलेलं नव्या चिठ्ठीवर उतरवायचं,
आणि उतरवताना हात कंटाळला
की काही कामं आपोआप मरायची.
सुतक कुणालाच नाही.
दाढ तेवढी चिवट,
या चिठ्ठीवरून त्या चिठ्ठीवर
भाडेकरूसारखं बिऱ्हाड हलवत राहिली.

खिशात विसरलेल्या चिठ्ठ्या
लाँड्रीवाला मोफज्जल धुण्याआधी काढून ठेवायचा
आणि शर्टाबरोबर परत द्यायचा,
इस्त्री करून.
ऑगस्टच्या घामाने शाई फुटलेली असायची,
पण घडी अशी कडक
की वाटावं, झालीच कामं.

मग शिनोज कोट्टयमला कायमचा गेला.
जाताना जुना लॅपटॉप माझ्या हातात दिला,
पडद्याला तडा, बॅटरी मेलेली.
फोनवरून तीन शुक्रवार शिकवत होता.
क्लाउडवर ठेवू नकोस, म्हणाला, आपली यादी आपल्या खोलीत.
(इथल्या आकाशात तसाही ढग दिसत नाही.)
आता तो चपलांच्या रॅकवर असतो,
रात्रंदिवस घुं घुं करत,
एक हिरवा ठिपका,
खोलीतला चौथा माणूस,
ज्याला गादी लागत नाही
आणि जो बाथरूम अडवत नाही.

पहिल्या रात्री काळ्या पडद्यावर त्याने विचारलं:
होस्टचं नाव?

बोटं थांबली.
व्हिसा कंपनीचा, खोली कंपनीची,
डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा सही करून घेतलेलं.
पाहुणा म्हणावं तर
पाहुणा इतके दिवस राहत नाही.
तिकडे चिपळूणला मात्र,
शाळेत, बँकेत, गॅसच्या नंबरासाठी,
विशाखा सांगत असते,
यजमान बाहेर असतात.

तेच टाइप केलं.
रोमन लिपीत, लहान अक्षरांत,
त्याला दुसरं चालत नाही.
एंटर.
त्याने निमूट मानलं.
ना फोटो मागितला, ना शिक्का.

तेव्हापासून काहीच मरत नाही.
पहाटे पाचला फोन थरथरतो,
टँकचं व्हॉल्व्ह, मुलाची फी,
मेव्हण्याला वाढदिवसाचा निरोप.
दाढ लाल अक्षरांत:
एकशे बारा दिवस उशीर.
कागदावर ती कधी जुनी झाली नव्हती,
दर रात्री नव्याने लिहिली की नवीच.
आणि काम झाल्यावर पेनाने आडवी रेघ मारताना
जो खर्र आवाज व्हायचा,
तो कुठे लावायचा
हे शिनोजलाही सांगता आलं नाही.

एकदा एसीने ब्रेकर पाडला.
हिरवा ठिपका विझला, घुं घुं थांबली,
तिघेही जागे झालो, शांततेनेच.
मी अंधारात उभा,
उद्याचं एक काम आठवेना.
दाढ आठवली.
ती दुखतच होती.

गेल्या गुरुवारी मोफज्जल
शर्टांचा गठ्ठा काउंटरवर ठेवून
जरा घुटमळला.
सुट्टे बैसे मोजून दिले, तरी हात मागे घेईना.
मग हळूच, त्याच्या नोआखालीच्या हिंदीत,
शाब, बहुत दिन हुआ.
घर से चिट्ठी आना बंद?

अकरा वर्षं तो
माझी गॅसवाल्याची, दाढेची, पंपांची अक्षरं
बायकोची पत्रं समजून
इस्त्री करत होता.

मी काहीतरी हसलो. शर्ट घेतले.
खोलीत येऊन यादी उघडली आणि लिहिलं:
मोफज्जलला सांगणे.
काय, ते सुचलं नाही.
तारखेचा रकाना रिकामा सोडला,
म्हणून ते लाल होत नाही,
नुसतं रोज सकाळी
सगळ्यांच्या वर येऊन बसतं.